पंखांआधी पंखा

पुण्यातला आमचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, रविवारची सकाळ. झेब्रा फिंचची जोडी घरी येऊन जेमतेम चार दिवस झाले होते. ‘बिचारे कोंडून पडलेत’ असं वाटून मी पिंजऱ्याचं दार उघडलं. दहा मिनिटं काहीच झालं नाही. नर दारात येऊन बसला, मान वाकडी करून खाली बघितलं आणि परत आत गेला. मग एकदम दोघंही बाहेर. मादी सरळ खिडकीच्या काचेवर आपटली आणि सोफ्यामागे पडली. नर पडद्याच्या दांडीवर जाऊन बसला. मी सोफा सरकवत होते, तेवढ्यात सासरे फिरून आले. अंगावरचा सदरा घामानं चिकटलेला. चपला काढता काढता सवयीनं त्यांचा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला. ‘बाबा, पंखा नको!’ मी ओरडले. पात्यांनी तोवर एक फेरी घेतली होती.

त्या दिवशी दोघंही वाचले. संध्याकाळी अंधार पडल्यावर रुमालात धरून त्यांना पिंजऱ्यात ठेवलं. पण पुढे पंधरा दिवस माझा हात पिंजऱ्याजवळ गेला की दोघं गजांवर धडका घ्यायचे. दोष त्यांचा नव्हता. मी सगळं उलट्या क्रमानं केलं होतं: आधी दार, मग पळापळ, मग विचार. या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. सुलटा क्रम कोणता, ते या लेखात सांगते. आधी खोली तयार करायची, मग पक्षी तयार करायचा, आणि सगळ्यात शेवटी दार उघडायचं. हे जमलं की नाही याची खूणही एकच आहे. तुम्ही न धरता पक्षी आपण होऊन पिंजऱ्यात परत गेला, तर जमलं.

कोणते पक्षी, आणि त्यांचा स्वभाव

आपल्याकडे दुकानात ‘फिंच’ म्हणून मिळणारे पक्षी मुख्यतः तीन. ऑस्ट्रेलियातून आलेला झेब्रा फिंच सगळ्यात जास्त दिसतो. नराच्या गालावर नारिंगी ठिपका, चोच लालभडक, आवाज खेळण्यातल्या पिपाणीसारखा. दुसरा बंगाली फिंच. नावात बंगाल असला तरी तो पांढऱ्या कंबरेच्या मनोलीपासून जपानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या पाळून तयार झालेला पक्षी आहे. रानात तो कुठेच नाही. तिसरा गोल्डियन, उत्तर ऑस्ट्रेलियातला, रंगपेटी सांडल्यासारखा दिसणारा आणि थंडीला नाजूक. या तिघांच्या जोडीला कॅनरी, मूळचा अटलांटिक महासागरातल्या कॅनरी, मदेरा आणि अझोर्स बेटांवरचा. युरोपात चारशेहून अधिक वर्षं तो गाण्यासाठी पाळला जातो आहे.

कायद्याची एक गोष्ट इथेच सांगून टाकते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्या रानातली मनोली, पोपट, मैना पाळता येत नाहीत. रस्त्याच्या कडेला हिरव्या-गुलाबी रंगात बुडवलेल्या ‘चिमण्या’ विकायला दिसतात, त्या बहुतेक वेळा रानातून पकडलेल्या मनोल्याच असतात. त्या घेऊ नका. ‘जावा’ म्हणून मिळणारा राखाडी, लाल चोचीचा पक्षी परदेशी आहे, पण वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय सायटेस कराराच्या यादीत त्याचं नाव आहे. तो घ्यायचा तर कागदपत्रांची आणि नोंदणीची चौकशी आधी करा.

आपण सरसकट ज्यांना ‘लव्हबर्ड’ म्हणतो ते बजरीगर आणि हे पक्षी यांत मोठा फरक आहे. बजरीगर पोपटाच्या जातीतला. तो चोचीनं गज धरून चढतो, पडद्यावरून सरपटत वर जातो, माणसाळला की बोटावर बसतो. फिंच आणि कॅनरीला चढता येत नाही. कुठूनही कुठेही जायचं तर त्यांच्याकडे पंखांशिवाय साधन नाही. म्हणून त्यांचे पंख कधीही कापू नका. ‘घरात सोडायचेत ना, मग थोडे कापून देतो’ असं दुकानदार म्हणाला तरी नको. पंख कापलेला फिंच जमिनीवर पडला की तिथेच राहतो, आणि जमीन ही त्याच्यासाठी घरातली सगळ्यात धोक्याची जागा.

दुसरी गोष्ट, हे पक्षी हातावर खेळण्यासाठी नाहीत. झेब्रा फिंचचं वजन साधारण बारा ग्रॅम, म्हणजे एक रुपयाच्या तीन-चार नाण्यांइतकं. एवढ्याशा जिवाला माणसाचा हात शिकारी प्राण्यासारखाच वाटतो. कॅनरी थोडा धीट. रोज त्याच वेळी, त्याच माणसाच्या हातून कोथिंबिरीची काडी मिळाली तर काही महिन्यांनी जवळ येतो. फिंच बहुधा येत नाही. त्याला जोडीदार लागतो, तुम्ही नाही. हे मान्य असेल तर या पक्ष्यांसारखी करमणूक नाही. खोलीत बसून त्यांची उडाउड बघायची. मासे पाळणारा काचेत हात घालत नाही, तसंच.

खोली पक्ष्याच्या नजरेनं

पूर्ण घर सोडू नका, एक खोली ठरवा. तिला दार हवं, ते बंद राहायला हवं, आणि ती स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर नसावी. आता त्या खोलीत मध्यभागी उभे राहा आणि वर बघा. आपलं लक्ष कमरेच्या उंचीपर्यंत असतं. पक्षी सुरुवात छतापासून करतो.

पहिला धोका अर्थातच छताचा पंखा. परदेशी पुस्तकांत त्याच्यावर एखादं वाक्य असतं, कारण तिथे तो घरोघरी नाही. आपल्याकडे मात्र घरात सोडलेल्या पक्ष्याला याहून मोठा धोका दुसरा नाही. पंखा मंद ठेवला तर चालेल, असं समजू नका. मंद फिरणारं पातंही बारा ग्रॅमच्या पक्ष्याला पुरेसं आहे. बटण बंद केल्यावरही पाती थोडा वेळ फिरत राहतात. ती पूर्ण थांबेपर्यंत दार उघडायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पंखा तुम्ही लावणार नाही, दुसरं कुणीतरी लावणार. उन्हातून आलेला माणूस बटणाकडे बघतही नाही, हात आपोआप जातो. म्हणून पक्षी बाहेर असताना बटणावर रुंद चिकटपट्टी आडवी लावा. त्या खोलीच्या पंख्याला वेगळा एमसीबी असेल तर तोच पाडून ठेवा. बंद पंख्याचं पातं ही पक्ष्यांची आवडती बैठक आहे, हेही लक्षात असू द्या. नंतर पंखा लावण्याआधी पात्यांवरची विष्ठा पुसली नाही, तर भिंतीवर नक्षी उमटते. आमच्याकडे उमटली आहे.

दुसरा धोका खिडकी. काच पक्ष्याला दिसत नाही. पलीकडचं झाड दिसतं. पहिले काही आठवडे पडदे पूर्ण ओढा. नंतर काचेवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या किंवा रंगीत कागद अगदी जवळजवळ चिकटवा, दोन पट्ट्यांमध्ये चार बोटांपेक्षा जास्त जागा नको. मोठ्या आरशावर चादर टाका. सरकती खिडकी ‘लावलेली’ असली तरी तिच्या कडेला फट असते, ती हात फिरवून तपासा. एसीच्या पाइपाचं भोक, एक्झॉस्ट फॅनची जागा, दाराखालची मोठी फट कापडानं बुजवा. बाल्कनीला कबुतरांसाठी लावलेल्या नायलॉनच्या जाळीवर विसंबू नका; तिच्या भोकांतून फिंच आरामात निघून जातो. फिंचसाठी जाळीचं भोक अर्ध्या इंचापेक्षा मोठं नको.

मग पाणी आणि आग. भरलेली बादली, फुलदाणी, उघडी माशांची टाकी यांत पक्षी बुडतो. ओले झालेले पंख त्याला बाहेर काढू शकत नाहीत. समई, निरांजन, पेटती उदबत्ती, गरम इस्त्री त्या खोलीत नको. देवघर त्याच खोलीत असेल तर पूजा आटोपल्यावर तास-दीड तास जाऊ द्या.

शेवटी धाग्यादोऱ्याच्या वस्तू, ज्या कुणाच्या लक्षात येत नाहीत. मोत्यांचं तोरण, झालर, मच्छरदाणी, टर्किश टॉवेल, गोधडीचे सुटलेले टाके यांत पक्ष्याची नखं अडकतात. अडकलेला फिंच सुटण्यासाठी इतकी झटापट करतो की पाय मोडून घेतो. शिलाईचा दोरा आणि कंगव्यातून पडलेले लांब केस पायाला गुंडाळले गेले तर बोट काळं पडून गळतं. झेब्रा फिंचला घरटं बांधायचा भारी सोस. काथ्याच्या पायपुसण्यातून तो तंतू उपटत बसतो. पायपुसणी, दोऱ्याची रिळं आधीच बाहेर काढा. उंदरांसाठी ठेवलेला चिकट सापळा खोलीत कुठे राहिला नाही ना, हे गुडघ्यावर बसून बघा. कण्हेर, डिफेनबेकिया, मनी प्लँट यांच्या कुंड्या हलवा. पक्षी पानं कुरतडून बघणारच.

मांजर आणि कुत्रा खोलीबाहेर, हे सांगायला नको. ‘आमची मनी काही करत नाही’ हे वाक्य मात्र मी फार ऐकलं आहे. मनीच्या नखाचा साधा ओरखडाही पक्ष्याला जंतुसंसर्गानं मारू शकतो.

हवेचा विचार

कोळशाच्या खाणीत कॅनरी नेत असत, हे आपण ऐकलेलं असतं. कारण फार जणांना माहीत नसतं. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा उपाय सुचवला. खाणीतल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. माणसाला कळेपर्यंत उशीर होतो, कॅनरी मात्र आधीच दांडीवरून खाली पडतो. पक्ष्याच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात, त्यामुळे श्वास घेताना आणि सोडतानाही ताजी हवा फुप्फुसांतून वाहत राहते. उडण्यासाठी लागणारी शक्ती त्यातूनच मिळते. पण हवेत विष असेल तर तेही तितक्याच झपाट्यानं भिनतं. ब्रिटनच्या खाणींतून कॅनरी निवृत्त झाले ते 1986 साली, यंत्रं आल्यावर. काही पिंजऱ्यांना तर प्राणवायूची छोटी नळकांडी जोडलेली असे, पडलेल्या पक्ष्याला शुद्धीवर आणण्यासाठी.

तुमच्या घरात तशी नळकांडी नाही. म्हणून काही गोष्टी कायमच्या पाळा. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला की त्याच्या लेपातून निघणारा वायू माणसाला फारसा जाणवत नाही, पण शेजारच्या खोलीतला पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. ज्या घरात पक्षी आहेत तिथे बिडाचा किंवा लोखंडी तवा बरा. मच्छर अगरबत्ती, फवारे, धूप, कापूर, रूम फ्रेशनर, कपाटातल्या डांबरगोळ्या पक्ष्यांच्या खोलीत नकोत. मिरचीची फोडणी दिली की आपल्यालाही ठसका लागतो. अशा वेळी स्वयंपाकघराचं दार लावा. घरात रंगकाम किंवा पेस्ट कंट्रोल असेल तर पिंजरा काही दिवस नातेवाइकांकडे पाठवा. गणपतीत आरतीच्या वेळी आणि दिवाळीत फटाक्यांच्या दिवसांत त्यांना बाहेर सोडू नका. तेव्हा धुराइतकाच आवाजही घातक असतो.

तीन आठवडे पिंजऱ्यातच

नवा पक्षी आणल्यावर किमान तीन आठवडे दार उघडायचं नाही. या दिवसांत त्याला एकच गोष्ट शिकायची असते: हा पिंजरा माझा आहे, इथे दाणा-पाणी मिळतं, इथे रात्र सुरक्षित जाते. हे मनात बसलं नाही तर तो परत का येईल?

पिंजरा उंच नको, लांब हवा. फिंच हेलिकॉप्टरसारखा सरळ वर जात नाही, आडवा उडतो. एका जोडीसाठी अडीच ते तीन फूट लांबी हवी. गजांमधलं अंतर अर्ध्या इंचापेक्षा कमी. बसण्यासाठी दुकानातल्या गुळगुळीत गोल दांड्यांऐवजी पेरूच्या किंवा जांभळाच्या फांद्या घाला. एक जाड, एक बारीक, एक जरा वाकडी. पायाला वेगवेगळी पकड मिळाली की तळव्यांना फोड येत नाहीत. एक फांदी दाराशी बांधा, निम्मी आत, निम्मी बाहेर. परतताना तीच त्याचा उंबरठा होणार आहे.

खाणं म्हणजे राळे, बाजरी आणि कॅनरी सीडचं मिश्रण, स्वच्छ पाणी, समुद्रफेस आणि रोज थोडी ताजी पालेभाजी, धुतलेली. कोथिंबीर, मेथी उत्तम, पालक कधीतरी. ॲव्होकॅडो, चॉकलेट, खारट फरसाण कधीच नाही. या तीन आठवड्यांत एका पदार्थाचा मान राखून ठेवा: राळ्याचं कणीस. दुकानात ‘मिलेट स्प्रे’ नावानं महाग मिळतं ते हेच. पश्चिम महाराष्ट्रात भोगीला राळ्याचा भात होतो. गावाकडे कुणी राळे पेरत असेल तर चार कणसं मागून आणा, पण फवारणी केलेली नाहीत ना, ते विचारा. हे कणीस पिंजऱ्यातच, ठरलेल्या वेळीच, आणि देताना रोज एकच आवाज करायचा. मी जिभेनं टकटक करते. कुणी शिट्टी वाजवतं. आवाज कोणताही असो, तो रोज तोच हवा. दहा-बारा दिवसांत तो आवाज ऐकला की जोडी पुढच्या दांडीवर येऊन बसू लागते. ती बसू लागली की समजा, पक्षी तयार आहे.

पहिली फेरी

वेळ दुपारी चारच्या आसपासची. बाहेर उजेड आहे, पण अंधार पडायला दोन-तीन तासच आहेत. पुढे हा अंधारच मदतीला येतो. सोडण्याआधी तासभर दाण्याची वाटी काढून घ्या. तासभरच. एवढ्या छोट्या पक्ष्याचं शरीर अखंड पेटलेल्या चुलीसारखं असतं. दिवसभर उपाशी ठेवला तर तो दगावू शकतो.

सगळी तयारी पुन्हा तपासा: पंखा, पट्टी, पडदे, दार, आरसा, बादली. घरातल्यांना सांगा. दारावर बाहेरून कागद लावा, ‘पक्षी बाहेर आहेत, विचारून या’. मग पिंजऱ्याचं दार उघडा, ते आपोआप बंद होणार नाही असं दोरीनं बांधा आणि चार पावलं मागे जाऊन खुर्चीत बसा. बाकी काही करायचं नाही. हाच भाग सगळ्यात अवघड असतो. हात घालून हुसकायचं नाही, पिंजरा हलवायचा नाही, मोबाइल जवळ नेऊन चित्रीकरण करायचं नाही.

काही जोड्या दोन-तीन दिवस दाराशीच बसतात. येऊ द्या त्यांच्या वेळेनं. बाहेर आल्यावर पहिली फेरी वेडीवाकडी असते. दुकानातल्या छोट्या पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला वळणं माहीत नसतात, उतरणं माहीत नसतं, आणि छातीचे स्नायूही सरावलेले नसतात. दोन चकरा मारून तो चोच उघडी ठेवून धापा टाकत बसेल. त्याला बसू द्या. उतरायला सोपी जागा हवी म्हणून एका जड कुंडीत वाळू भरून त्यात आंब्याची किंवा पेरूची फांद्याफांद्यांची डहाळी रोवून खोलीच्या कोपऱ्यात ठेवा. पहिल्या आठवड्यात पडद्याची दांडी, दुसऱ्या आठवड्यात पंख्याचं पातं, तिसऱ्या आठवड्यात ही डहाळी, असा आमच्या जोडीचा क्रम होता.

खोलीत चालताना पाय उचलू नका, घासत चाला. फिंच दाणे टिपायला जमिनीवर उतरतो, आणि राखाडी पक्षी फरशीवर दिसतच नाही. सोफ्यावर, गादीवर बसण्याआधी हातानं चाचपा. दार उघडताना आधी एक बोटाएवढी फट करून दाराच्या वरच्या कडेवर कुणी बसलंय का, ते बघा.

जोडीतल्या दोघांना एकदम सोडलं तर ते एकमेकांच्या मागे फिरतात आणि परत यायला वेळ लावतात. सुरुवातीला एकालाच सोडा. दुसरा आतून हाका मारत राहतो, आणि बाहेरचा फार लांब राहू शकत नाही. कॅनरीचं उलटं. तो एकटा खुशीत असतो. दोन नर कॅनरी एकत्र सोडू नका, विणीच्या काळात ते रक्त निघेपर्यंत भांडतात. पीसगळ चालू असताना कॅनरीचं गाणं थांबतं. त्या दिवसांत त्याला विश्रांती द्या, सोडण्याची घाई नको.

परत येणं

आता पिंजऱ्यात राळ्याचं कणीस टांगा, तो ठरलेला आवाज करा आणि पुन्हा खुर्चीत बसा. पहिल्या दिवशी अर्धा तास लागेल, कदाचित दोन तास. पक्षी आत गेला की लगेच धावून दार लावू नका. दोन-तीन वेळा आत-बाहेर करू द्या. आत गेलं की दार धाडकन बंद होतं, असा धडा त्यानं घेतला तर उद्यापासून तो आत जाणार नाही. दाराला लांब सुतळी बांधून ती खुर्चीपर्यंत आणा. नीट खायला लागल्यावर हळूच ओढा.

अंधार पडू लागला आणि तरी कुणी बाहेरच असेल, तर तो कुठे बसलाय ते नक्की बघून ठेवा आणि दिवा घालवा. या पक्ष्यांना अंधारात दिसत नाही, ते बसल्या जागी थिजतात. टॉर्चवर हात आडवा धरून अंधुक प्रकाशात जवळ जा, मऊ सुती रुमाल टाका आणि धरा. धरण्याची रीत आधी कापसाच्या बोळ्यावर करून बघा. पक्ष्याची पाठ तळहाताला, मान तर्जनी आणि मध्यमेच्या बेचक्यात, बाकीची बोटं नुसती भोवती. छाती दाबायची नाही. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, त्याचा श्वास छातीच्या हाडाच्या वरखाली होण्यावर चालतो. घट्ट मूठ म्हणजे गळा दाबण्यासारखंच.

झाडूनं, टॉवेल फिरवून, मुलांना कोपऱ्या-कोपऱ्यात उभं करून पक्षी पकडू नका. तो सापडेल, पण भीतीनं हृदय बंद पडून मेलेले फिंच मी पाहिले आहेत. वाचला तरी त्याचा विश्वास परत यायला महिने जातात.

वीज जाण्याचाही विचार करा. पक्षी बाहेर असताना संध्याकाळी अचानक दिवे गेले तर ते घाबरून भिंतींवर आपटतात. खोलीत चार्ज केलेला छोटा दिवा कायम ठेवा. आणि वीज गेल्याबरोबर पंख्याच्या बटणावरची पट्टी जागेवर आहे ना, ते बघा. वीज येईल तेव्हा पंखा आपसूक सुरू व्हायला नको.

सफाई

दर पंधरा-वीस मिनिटांनी एक थेंब, हा हिशेब मनात धरा. बैठकीच्या जागांखाली वर्तमानपत्र अंथरा आणि सोफ्यावर जुनी चादर. ओलं पुसण्यापेक्षा थोडं वाळल्यावर ओल्या फडक्यानं पुसलेलं लवकर निघतं. कोरडी विष्ठा झाडूनं उडवू नका, तिची भुकटी श्वासातून जाते. घरात कुणाला दमा असेल तर सफाई दुसऱ्यानं करावी, आणि झोपण्याच्या खोलीत पक्षी सोडू नयेत. नंतर साबणानं हात धुणं आलंच. पावसाळ्यात दाण्याला बुरशी धरते. राळे हातावर घेऊन वास घ्या, कुबट वाटले तर फेकून द्या.

काही बिघडलंच तर

काचेवर आपटलेल्या पक्ष्याला पाणी पाजू नका, शिंपडू नका. भोकं पाडलेल्या बुटांच्या खोक्यात मऊ फडकं घालून त्यात ठेवा, झाकण लावा, उबदार आणि शांत जागी तास-दोन तास राहू द्या. अनेक पक्षी एवढ्यावर सावरतात. रक्त येत असेल तर स्वच्छ कापसानं हलकं दाबून धरा. तुटलेल्या नखातून येत असेल तर कॉर्नफ्लॉवर लावा. एवढ्या पक्ष्याच्या अंगात रक्त साधारण एक मिलिलिटरच असतं. चार-पाच थेंब गेले तरी ते गंभीर समजा. सगळेच पशुवैद्य पक्षी बघत नाहीत. तुमच्या गावात कोण बघतं, हे पक्षी आणण्याआधी शोधून नंबर फ्रिजवर लावा.

पक्षी खिडकीबाहेर उडालाच, तर लगेच पिंजरा बाल्कनीत आणा, जोडीदार आत, दार बंद, वर राळ्याचं कणीस. जोडीदाराची हाक ऐकून पहिल्या काही तासांत तो जवळ येण्याची शक्यता असते. दुसरा मोकळा पिंजरा त्याच्या शेजारी दार उघडं ठेवून लावा. बाहेर कावळे, घारी, मांजरं आहेत, आणि घरात वाढलेल्या पक्ष्याला अन्न कुठे शोधायचं ते माहीत नसतं. म्हणूनच कंटाळा आला तर त्यांना बाहेर सोडून देणं म्हणजे मुक्ती नाही, जिवावर बेतणं आहे. सांभाळणं शक्य नसेल तर दुसऱ्या पक्षीपाळकाला द्या.

आता शेवटचा निवाडा. ज्या घरात रोज तासभर कुणीतरी त्याच खोलीत, मोबाइल बाजूला ठेवून बसू शकतं, त्या घरानं हे पक्षी सोडावेत. ज्या घरात लहान मूल दार उघडतं-मिटतं, मांजर आहे, किंवा सगळे सकाळी बाहेर पडून रात्री परततात, त्यांनी हट्ट करू नये. चार फुटांचा लांब पिंजरा घ्यावा किंवा बाल्कनीचा एक भाग बारीक जाळीनं बंद करावा. त्यातही झेब्रा फिंच आयुष्य आनंदात काढतो. आमच्या दिवाणखान्यातल्या बटणावरची चिकटपट्टी आता पिवळी पडली आहे. सासरे अजूनही उन्हातून आले की सवयीनं तिथे हात नेतात, पट्टी बोटाला लागते, आणि हात मागे येतो. फिंच आणायचा विचार असेल तर पिंजऱ्याच्या आधी ही पट्टी विकत आणा.